पुसलेले पेपर

शिंप्याने पेपरावरची शेवटची खूण खोडरबराने पुसली आणि चुरा झटकायला नेहमीसारखी फुंकर न मारता पानावरून बोट फिरवलं. बोट अडलं. शिवण उसवली तरी कापडावर तिचा माग राहतो, तो त्याला डोळे मिटूनही कळायचा. इथे कागदावर पेन्सिलीचा माग होता. पहिल्या प्रश्नाच्या तिसऱ्या पर्यायावर बारीक खळगा. दुसऱ्या प्रश्नाच्या पहिल्यावर. त्याने मागचं उत्तरांचं पान उघडून ताडून पाहिलं. तिसरा. पहिला. दोन्ही खळगे बरोबर उत्तरांवरच होते.

सरावाचे हे जुने पेपर एका गिऱ्हाइकाच्या मुलाचे. तो कधीच मोठ्या कॉलेजात गेला. पण जाण्याआधी चुकलेली उत्तरंसुद्धा दाबून दाबून दुरुस्त करून गेला होता, गुणाचं लेकरू! दर आठवड्याला शिंपी एक पेपर कोरा करायचा आणि लेक तो सोडवायची. शंभरात ब्याण्णव, चौऱ्याण्णव. त्याच मोठ्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत नव्वद पडले की शिष्यवृत्ती, सगळी फी माफ. शिंप्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. गल्लीभर सांगत सुटला. जवळच्या साध्या कॉलेजचा फॉर्म तर त्याने कोराच परत केला. "माझी पोर काय तिथं जाणार आहे?" त्या फॉर्मची मुदत महिन्यापूर्वीच संपली होती. परीक्षा उद्यावर आली होती आणि आज शेवटचे दोन पेपर उरले होते.

त्यातला एक लेक कटिंगच्या टेबलाच्या त्या टोकाला सोडवत होती. डाव्या हाताचं बोट ओळीखालून सरकत होतं. वाचायची सवय, असंच तो आजवर समजत आला. बोट पर्यायांवरून गेलं, थांबलं, मग पेन्सिल टेकली.

"एक प्रश्न तोंडी विचारू?"

"द्या ना इकडे, वाचून सांगते."

"नको. ऐकून सांग."

त्याने अडखळत प्रश्न वाचला, चारही पर्याय वाचले. ती छताकडे बघत राहिली. मग तिची नजर त्याच्या बोटावर आली. ते अजून त्या खळग्यावरच होतं.

"कळलं तुम्हाला," ती म्हणाली.

"तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या पेपरात."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. त्याच दिवशी तुम्ही फॉर्म परत करून आलात. केवढे खूश होतात!"

"खरे किती पडतात?"

"बोट न लावता?" तिने पेन्सिल खाली ठेवली. "पन्नासच्या आत."

शिंपी स्टुलावर बसला. रागवायचं तरी कुणावर? पोर एवढे दिवस हे एकटीने पोटात घेऊन बसली होती, आणि हा बाप गल्लीत मिरवत होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

तेवढ्यात कोपऱ्यावरची नर्सबाई शिवायला टाकलेला युनिफॉर्म न्यायला आली.

"काय मास्तर, उद्या पेपर ना? पोरगी नाव काढणार हं तुमचं!"

"काढणार म्हणजे काय, काढणारच!" शिंपी उठून युनिफॉर्मची घडी घालू लागला. "नव्वद कुठे जात नाहीत."

"निकाल लागल्यावर ओळख ठेवा म्हणजे झालं."

तो हसला. चांगला मोठ्याने हसला. नर्सबाई युनिफॉर्म घेऊन गेली.

लेक त्याच्याकडेच बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता.

"बघितलंत ना बाबा?" ती म्हणाली. "नाही सांगता येत."