डाव्या दाराच्या पिना

वरसाव्याच्या हॉलसमोर नवरदेव घोड्यावरून उतरत होता, तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या पांढऱ्या पद्मिनीचा हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. बँडवाले थांबले. घोडा दोन पावलं मागे सरला. सगळ्यांनी वळून पाहिलं, तर गाडीच्या उजव्या दारातून एका बाईचा पाय बाहेर आला होता आणि बाकीची बाई स्टेअरिंगखाली अडकली होती.

त्या होत्या पेणकरपाड्याच्या केसरबाई, वय वर्षं एकोणसत्तर. शेजारी उभे राहून त्यांना हात देणारे त्यांचे यजमान बापूराव. बापूराव सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. ही पद्मिनी त्यांनी नोकरीत असतानाच सेकंडहॅंड घेतली होती, आणि निवृत्तीनंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी तिला पुसणं हीच त्यांची नोकरी झाली होती. गाडी चालायची झकास. फक्त डावं, म्हणजे केसरबाईंच्या बाजूचं दार उघडायचं नाही.

खरं तर उघडायचं, पण मग लागायचं नाही. बिजागऱ्यांच्या पिना झिजून दार दोन बोटं खाली उतरलं होतं. सहा वर्षांपूर्वी घोडबंदर रोडच्या वळणावर ते आपोआप उघडलं, आणि केसरबाईंनी डॅशबोर्ड धरून जीव वाचवला. त्या दिवसापासून बापूरावांनी ते आतून नायलॉनच्या दोरीने बांधून टाकलं. पुढची सीट सलग, बाकड्यासारखी होती. त्यामुळे आधी बापूराव उतरायचे, मग केसरबाई सरकत सरकत स्टेअरिंगच्या खालून बाहेर यायच्या.

"सहा वर्षं मी पार्सलसारखी निघतेय," वरातीतून सुटका झाल्यावर त्या म्हणाल्या. "आता बास. माझं दार उघडेल तेव्हाच मी या गाडीत बसेन."

"अगं, तसल्या पिना मिळत नाहीत आता. कुर्ल्याला बघितलं, चोरबाजारात बघितलं..."

"पुढच्या रविवारी शेवंतीच्या नातीचा साखरपुडा आहे, तारोडीला. मी रिक्षाने जाईन. तुम्ही या गाडीला घेऊन."

हे बोलणं बापूरावांना फार लागलं. राघो नावाच्या त्यांच्या जुन्या मेकॅनिकला त्यांनी फोन लावला. पण राघो आता रत्नागिरीला आंब्याची कलमं सांभाळत होता. त्याने फोनवरच सांगितलं, "साहेब, सोपं काम आहे. पिन ठोकून बाहेर काढायची, नवी ठोकून बसवायची."

मग सोमवारी सकाळी बापूरावांनी दोरी सोडली, दार उघडलं, हातोडी आणि पिन ठोकून काढायचा लोखंडी पंच घेतला आणि वरच्या बिजागरीवर ठोकाठोकी सुरू केली. सोमवारी दिवसभर ठोकलं. मंगळवारी गंज सोडवायचं तेल ओतून ठोकलं. बुधवारी सेक्रेटरी खाली आले.

"अंकल, ये ठोकाठोकी कितने दिन चलेगा? मेरी मिसेस का सर दुखता है."

"बस, निकलताच है," बापूराव घाम पुसत म्हणाले.

"क्या निकलता है? मुझे तो लगता है अंदर जा रहा है."

सेक्रेटरी चेष्टेने बोलले होते. पण बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या केसरबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा हात थांबला. त्या आत गेल्या आणि कुंकवाच्या पेटीतला गोल आरसा घेऊन खाली आल्या. बापूरावांना त्यांनी हातानेच बाजूला केलं, आरसा बिजागरीच्या वर तिरका धरला, मग खाली धरला.

"अहो, पिनेला डोकं आहे."

"मग?"

"ते वर आहे. खिळ्यासारखं. तीन दिवस तुम्ही त्या डोक्यावर ठोकताय. ती खाली कशी निघेल? खालून वर ठोकायला पाहिजे."

बापूरावांनी आरशात बघितलं. ठोकून ठोकून डोकं चपटं होऊन भाकरीसारखं पसरलं होतं. सेक्रेटरींनी आकाशाकडे बघितलं, पण हसू काही त्यांना आवरलं नाही.

"हे तुला कसं कळलं?" बापूरावांनी विचारलं.

"डोळ्यांनी," केसरबाई म्हणाल्या. "आणि थांबा. ठोकू नका अजून. दार अधांतरी लटकतंय. पिन निघाली की पायावर पडेल ते. जॅक आणा."

जॅक आला. त्यावर त्यांनी घरातला जेवायचा पाट ठेवला, पाटावर घडी केलेली गोधडी, आणि जॅक फिरवत दाराचं वजन अलगद उचलून धरलं. दार फार उघडू नये म्हणून आतून बसवलेली पट्टी सोडवायला लावली. मग पंच खालून लावून म्हणाल्या, "आता मारा. जोरात नाही. सरळ."

चौथ्या टोल्याला पिन कुरकुरली. सातव्याला टुणकन वर उडाली आणि शेजारच्या स्कूटरखाली गेली. बापूराव टाळी वाजवणार होते, पण केसरबाईंनी आधी मोकळ्या झालेल्या भोकात एक लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. "एक काढली की तिच्या जागी काहीतरी ठेवायचं. दोन्ही एकदम मोकळ्या केल्या तर दार परत जागेवर बसवताना नाकी नऊ येतील." मग खालचीही काढली, आणि तिथे सळईचा तुकडा घातला.

पिना हातात घेऊन त्या घरात गेल्या. बापूराव मागोमाग. केसरबाईंनी कपाटातल्या साड्यांखालून एक चपटा लाकडी डबा काढला. डब्यात मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला, तेल लावून ठेवलेला व्हर्नियर होता. बारीक मापं घ्यायचा तो स्टीलचा पाना. त्यांनी पिन त्याच्या जबड्यात धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा बारीक केला.

"डोक्यापाशी आठ एमएम. इथे झिजलेली नाही. मधे साडेसहा. म्हणजे भोकंसुद्धा लांबुळकी झाली असणार. नुसती पिन बदलून चालणार नाही, पितळेचे बुश बसवायला लागतील. बुश म्हणजे बारीक नळी हो, भोकात बसते ती."

बापूराव पलंगाच्या कडेला बसले. "हे कुणाचंय?"

"माझं. कारखाना सोडताना दिलं मला."

"कुठल्या कारखान्यात?"

"बावीस वर्षं मी कुठल्या कारखान्यात जात होते?"

"तू तर पॅकिंगला होतीस!"

"पहिली तीन वर्षं. मग एकोणीस वर्षं चेकिंगला. ज्या दिवशी चेकिंगला घेतलं त्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बरं, आणि साहेबांना आणायला गेलात."

बापूरावांना ते आठवेना. पण आपण तसंच म्हणालो असणार, याबद्दल त्यांना शंका वाटेना. एकोणीस वर्षं ते पाहुण्यांना सांगत आले होते, 'आमची ही नळाचे सुटे भाग डब्यात भरते.' केसरबाई ट्रेमधून चहा घेऊन येत असायच्या आणि ऐकत असायच्या.

दुपारी दोघं नव्या पिना आणि बुश करून घ्यायला रिक्षाने भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत गेले. गाळ्यागाळ्यांतून लेथचा आवाज येत होता. जीवन नावाच्या पंचेचाळिशीतल्या माणसाचं तिथे छोटं वर्कशॉप होतं. केसरबाईंना बघताच त्याने मशीन बंद केलं आणि हात पुसायच्या आधीच वाकून नमस्कार केला.

"मावशी! बसा ना. काका, तुम्हाला सांगतो, मी सतरा वर्षांचा होतो, ह्यांच्याकडे माल पास करायला न्यायचो. आख्खा कारखाना ह्यांना घाबरायचा. मालकसुद्धा. केसाएवढा फरक असला तरी ट्रे परत. एकदा मी रडलो होतो."

"दोनदा," केसरबाई म्हणाल्या.

बापूराव स्टुलावर बसून ऐकत राहिले. मधेच त्यांनी विचारलं, "हिनं पास केलेला माल कधी परत आला का?"

"नाही हो. कधीच नाही."

का कुणास ठाऊक, बापूरावांची छाती फुगली, आणि लगेच त्यांना लाजही वाटली. या अभिमानात आपला वाटा काय, हे त्यांना शोधूनही सापडलं नाही.

शनिवारी जीवन स्वतः ड्रिल घेऊन पेणकरपाड्याला आला. लांबुळकी झालेली भोकं त्याने गोल करून दिली. पितळेचे चकचकीत बुश आत बसवले. नव्या पिना केसरबाईंनी एकेक मोजून घेतल्या. दुसरी मोजताना त्या क्षणभर थांबल्या, आणि जीवनचा चेहरा सतरा वर्षांच्या पोरासारखा झाला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. जीवनने श्वास सोडला.

पिना कुणी ठोकायच्या यावर वाद झाला नाही. ग्रीस लावून केसरबाईंनी पिन वरून भोकात सोडली आणि हातोडी बापूरावांच्या हातात दिली. "आता डोक्यावर मारा. आता चालेल."

सेक्रेटरी आणि त्यांच्या मिसेस, दोघंही बाल्कनीत येऊन बघत होते. दोन्ही पिना बसल्या. जॅक हळूहळू खाली आला, गोधडीवरून दार सुटलं आणि तसंच राहिलं. केसभरही खाली उतरलं नाही. बापूरावांनी ते लोटलं. सवयीने वर उचलून लोटलं, त्यामुळे ते लागलं नाही.

"उचलू नका हो," केसरबाई म्हणाल्या. त्यांनी तर्जनीने दार ढकललं. टक् असा छोटासा आवाज आला. वरून मिसेसनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी पद्मिनी उत्तनच्या रस्त्याला लागली. तारोडीला शेवंतीच्या अंगणात मांडव घातला होता. शेवंती केसरबाईंच्याच कारखान्यात होती, आणि आता त्यांची वाट बघून बघून चिडली होती.

गाडी थांबल्यावर बापूराव घाईघाईने उतरले आणि बॉनेटला वळसा घालून डाव्या बाजूला आले. आपण दार उघडून धरायचं, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. पण ते पोचेपर्यंत केसरबाई उतरल्या होत्या, दार लावलं होतं आणि मांडवाच्या दिशेने चालूसुद्धा लागल्या होत्या.

"येवडा उशीर गो?" शेवंती ओरडली. "साखरपुडा व्हायाचा हाय का न्हाय?"

बापूराव हॅण्डलकडे पुढे केलेला हात तसाच घेऊन उभे राहिले. शेजारी पानसुपारीचं तबक घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्याने विचारलं, "गाडी मस्त ठेवलीय हो. कोण बघतं?"

"आमची मिसेस," बापूराव म्हणाले. "एकोणीस वर्षं चेकिंगला होती. नळाचे सुटे भाग. आख्खा कारखाना घाबरायचा." आणि मग पाहुण्याने आणखी काही विचारायची वाट न बघता त्यांनी पिनेचं डोकं, आरसा, पाट, गोधडी, सगळं सांगितलं. तीन दिवस उलटं ठोकल्याचंही सांगितलं. जेवणाच्या पंगतीत दुसऱ्या पाहुण्याला पुन्हा सांगितलं.

संध्याकाळी परतताना केसरबाई खिडकीच्या कडेवर कोपर टेकून बसल्या होत्या. डोंगरीच्या चढावर त्या म्हणाल्या, "पंगतीत ऐकलं मी. तुम्ही पितळेचा बुश बारा एमएमचा सांगत होतात."

"मग किती होता?"

"दहा."

"दहा," बापूरावांनी घोकलं. "बाहेरून दहा, आतून आठ. बरोबर?"

"बरोबर."

त्यांनी गियर टाकला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाले, "बाहेरून दहा, आतून आठ." पुढच्या शनिवारी त्यांच्या मेव्हणीकडे बारसं होतं.