मागं वळता येईल अशी होडी

बायको लंकाबाई गेली हे नाथाला भर दुपारी कळलं, आणि तेही उशिरा. तो होडीच्या पुढच्या टोकाला उभा राहून जाळं सोडत होता. मागच्या फळीवर उभं राहून बांबूनं होडी ढकलायचं काम लंकाचं. निफाडच्या अंगाला बंधाऱ्याचं पाणी छातीएवढंच, पण खाली गाळ माणूसभर. होडी इतकी अरुंद की पुढच्यानं उभ्यानं मागं वळायचं नाही. वळला की कलंडली. मागचं काय ते कानानं ओळखायचं.

त्या दिवशी मागं पाणी धपाधप वाजलं. जाळं सोडलं की लंका बांबूनं पाणी बडवून मासे जाळ्याकडं हाकायची. नाथाला वाटलं, हाकतेय. आज जोर लावलाय, असंही मनात आलं. मग आवाज थांबला.

"डावीकडं घे," तो म्हणाला. होडी वळली नाही. पुन्हा म्हणाला. सकाळी दोघांचं वाजलं होतं, त्यामुळं ती बोलत नाही याचं त्याला नवल वाटलं नाही. शेवटी जाळं ठेवून तो खाली बसला आणि बसल्या बसल्या वळला. फळी रिकामी होती. वीस हात मागं बांबू गाळात सरळ उभा होता, आणि त्याच्याभोवतीच्या पाणवेली हलायच्या थांबत होत्या.

हे गेल्या वर्षीचं. ती होडी नाथानं कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घातली आणि तो द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाऊ लागला. पण भीती काही चुलीत जळली नाही. शेजारीण धोपाटण्यानं कपडे धुवायला लागली की तो घरातून उठून धावत बाहेर यायचा आणि कपडेच आहेत हे बघून परत जायचा. बाई बिचारी पुढं धुणं घेऊन लांब जायला लागली.

आठ महिन्यांनी त्याची थोरली बहीण चिमणाबाई राहायला आली. तिचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. तो होता तोवर तिनंही त्याच्या होडीत बांबू मारला होता. तिनं चार दिवस भावाला बघितलं आणि पाचव्या दिवशी तोंड उघडलं.

"नाथ्या, तुला कात्री धरता येत नाय. चांगले घड कापतोस आन् सडके ठेवतोस. मुकादम मागं हसतो. आपलं पाण्याचंच काम. होडी बघू चल. मागं मी उभी राहते."

"तू नको आक्का."

"मग कोण? मुकादम?"

आक्कापुढं नाथाचं लहानपणापासून कधी चाललं नव्हतं.

सिन्नरच्या रस्त्याला गोटीराम नावाचा वेल्डर पत्र्याच्या होड्या करायचा. त्याच्या आवारात दोन तयार होत्या. एक लांब, अरुंद, दोघांनी सहज उचलावी अशी. दुसरी आखूड, सपाट तळाची आणि पोटाला रुंद.

"नाथाभाऊ, ही लांबडी घ्या," गोटीराम म्हणाला. "पाणकणसांतून सापासारखी जाते. ती रुंद मी एका बंगलेवाल्याच्या सांगण्यावरून केली. तो परत आलाच नाय. वेलीत म्हशीसारखी बसंल ती."

"पाण्यात घालून बघू," चिमणाबाई म्हणाली.

आवारामागं खडीच्या खाणीत पाणी साचलं होतं. काळं, हलत नसलेलं. गोटीराम होड्या तिथंच तपासायचा. काठाकाठानं बांबू पोचत होता, पुढं तळ कुठं होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. लांबडी पाण्यात घातली. चिमणाबाई लुगडं खोचून मागच्या फळीवर चढली. नाथा पुढं उभा राहिला.

चिमणाबाईनं बांबू टेकवला. होडी गुपचूप निघाली. मागं काहीच ऐकू येईना. नाथाच्या कानात धपाधप सुरू झालं. तो गर्रकन वळला. होडी कलंडली, पाणी आत आलं, आणि तो दोन्ही कडा धरून मटकन खाली बसला.

"अरे मुडद्या, बुडवतोस का मला?" चिमणाबाई ओरडली. "पुढच्यानं वळायचं नसतं, हे बापानं शिकवलं नाय का तुला?"

काठावर गोटीराम हसत होता. होडी टेकल्यावर नाथा उतरला आणि दगडावर बसून राहिला. चिमणाबाई शेजारी येऊन बसली.

"काय बघत होतास मागं?"

"तू हायेस का ते."

मग नाथानं आठ महिने कुणाला न सांगितलेलं सांगितलं. लंकाचा आधीचा बांबू गाळात अडकला तेव्हा तिनं तो सोडून दिला होता. तशीच रीत आहे. बांबू अडकला की हात सोडायचा, नाहीतर होडी पायाखालून निघून जाते. पण तो बांबू गेला म्हणून नाथा तिला आठवडाभर बोलला होता. त्या सकाळीही बोलला होता. "म्हणून तिनं धरून ठेवला, आक्का. ती पाण्यात हात मारत होती आन् मी म्हणलं, मासे हाकतीय."

चिमणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मी दर दिवशी एक बांबू सोडीन. तू आणत बस."

दुसऱ्या होडीत नाथा पुन्हा पुढं उभा राहिला. भीती कमी झाली नव्हती. त्यानं हळूच एक पाय मागं घेतला, मग दुसरा, आणि उभ्याउभ्या पूर्ण वळला. होडी जराशी डुलली आणि थांबली. चिमणाबाई समोर उभी होती.

"बघितलंस? हाय मी."

तो पुन्हा पुढं वळला. पुन्हा मागं. तीन वेळा.

"आता मला चक्कर येईल," ती म्हणाली.

"आक्का, मागं बोलत राहशील?"

"मासे पळतील."

"पळू दे."

"बोलायला मला कुणी सांगायची गरज पडली, हे पहिल्यांदाच झालं," चिमणाबाई म्हणाली.

गोटीरामनं टेम्पोत होडी चढवताना पुन्हा सांगून बघितलं, की हिच्यात निम्मेच मासे मिळतील. नाथानं मान हलवली आणि हीच घेतली.

होडी आणून तीन आठवडे झाले. काठावरच्या बाभळीखाली ती पालथी आहे. चिमणाबाईनं दोन नवे बांबू तासून ठेवलेत. नाथा रोज सकाळी काठावर जातो. पाणी उतरलंय, त्यामुळं लंकाचा बांबू आता जास्त दिसतो. त्याच्यावर पाणकावळा बसतो. जाळं टाकायच्या जागेकडं जायला दुसरी वाट नाही, त्या बांबूच्या अंगावरूनच जावं लागतं. तो आधी उपटला पाहिजे, असं नाथानं आक्काला सांगितलंय, आणि तो आपणच उपटणार, असंही.

अजून तो उपटलेला नाही.