दहावं टेबल

देवाजीला त्या तपासणीतून तीन गोष्टी मिळायच्या होत्या: अकरा वर्षांच्या रोजंदारीनंतर कायम नोकरी, कॉलेजच्या आवारात खोली, आणि बायकोची कटकट बंद. तिसरीचा भरवसा त्यालाही नव्हता. पण पहिल्या दोन पक्क्या होत्या. विद्यापीठाचे साहेब खूश झाले, तर मेडिकल कॉलेजला पन्नास जागा वाढून मिळणार होत्या, त्या पोरांसाठी आठ मास्तर, आणि मास्तरांच्या शेपटाला धरून डिसेक्शन हॉलचा एक कायम शिपाई.

अडचण एकच. टेबलं दहा, मढी नऊ.

"काहून घाबरून राहिला गा?" हेडक्लार्क कृष्णकांतबाबू बुधवारी म्हणाले. "शवागारात तो बेवारस पडला आहे ना, वाडीच्या गोदामांजवळ सापडलेला? त्याले घे."

"तो काल दुपारी आला, बाबू. अठ्ठेचाळीस तास वाट पाहा लागते. उद्या दुपारच्या आत कोणी शोधत आलं तर?"

"तपासणी उद्या सकाळी आहे. साहेब लोक तुह्या मढ्यासाठी थांबतीन काय?"

बाबूंनी रजिस्टर ओढलं, मंगळवार खोडून सोमवार केला आणि फुंकर मारून शाई वाळवली. अक्षर सुरेख आलं. त्यांचं नेहमीच सुरेख यायचं.

संध्याकाळी देवाजीनं त्या माणसाच्या शिरेत मढं टिकवायचं औषध भरलं. डाव्या हाताला करंगळी नव्हती. जुनी जखम, भरून आलेली. या कामात असलं काही लक्षात ठेवायचं नसतं. नेमकं तेच राहिलं.

गुरुवारी साहेब नऊ टेबलं नुसती मोजत गेले. दहाव्यापाशी थांबले. चादर उचलली, दंडावर बोट दाबलं.

"हा कधी आला?"

मागून बाबू आपल्या मानेकडे बघताहेत, हे देवाजीला न वळता कळत होतं.

"सोमवारी, साहेब."

साहेबांनी आकडा लिहिला. दहा.

तेवढ्यात व्हरांड्यात एका बाईचा आवाज आला. देवाजी दाराकडे धावला.

"मी भिवापूरची अंजनाबाई, भाऊ. गोपिकाचे बाबा मिरचीची पोती घेऊन वाडीले आले, ते परतलेच नाहीत. पोलीस म्हणे, इथं पाहा. डाव्या हाताले करंगळी नाही त्यायच्या. मले एकदा पाहू द्या."

दार अर्धं उघडं होतं. आत, चार पावलांवर, चादरीखालून तो हात लोंबत होता. देवाजी दारात आडवा झाला. खरं बोललं तर नोकरी गेली, खोली गेली, आणि बाबू नव्हे, जेलात आपण.

"कधी निघाले घरून?"

"मंगळवारी सकाळी."

मागून बाबू आले, अगदी मायेनं बोलले. "मग तुमचा माणूस नव्हे, बाई. आमच्याकडचा सोमवारचा आहे. का गा, देवाजी?"

देवाजीनं मान हलवली.

अंजनाबाई मटकन खाली बसली, आणि हसली. "म्हणजे हायेत! कुठं ना कुठं हायेत!" तिनं डोळे पुसले, पिशवीत हात घातला आणि मूठभर मिरच्या त्याच्या ओंजळीत टाकल्या. "तुमच्या तोंडात साखर पडो, भाऊ."

कोणाला काय मिळालं? कॉलेजला पन्नास जागा. आठातले पाच मास्तर आले, तीन कागदावरच राहिले. बाबूंना बढती. देवाजीला नोकरी आणि खोली. शिवाय वर्षभर, रोज सकाळी दहाव्या टेबलावरची चादर काढायचं काम. नवी पोरं विचारायची, "देवाजी, याची करंगळी कुठं गेली?" तो खिडकीबाहेर बघायचा.

आणि दिलं कोणी? मिरचीच्या हंगामात अंजनाबाई दर वर्षी येते, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. वाडीत चौकशी करते, मग व्हरांड्यात येऊन विचारते, "काही समजलं काय, भाऊ?" देवाजी नाही म्हणतो. जाताना मूठभर मिरच्या अजून तीच देते.