कोरं लायसन

“घ्या की पावणं, पेढा घ्या! आमच्या शिवाप्पाचं लायसन कोरं झालं!”

वडापच्या, सीटा भरल्या की सुटणाऱ्या जीपमध्ये ड्रायव्हर शिवाप्पाच्या शेजारी बसलेल्या जोतीरामनं मागं पुडा धरला. शालननं पेढा उचलला आणि नाव ध्यानात येताच तो तिच्या हातातच राहिला.

“कोरं म्हंजे?” कुणीतरी विचारलं.

“चार-पाच वर्सांमागं ह्येच्या ट्रकखाली एक पोरगी गेलती. कोर्टानं सा म्हैनं लायसन काढून घेतलं, मग शेरा मारून परत दिलं. फुडं तीन वर्सं नवा शेरा न्हाय पडला, की कोरं मिळतंय. कायदाच हाय.”

“म्हंजे झाल्यालं पुसलं?”

“कागदावरनं तरी.”

शिवाप्पानं गिअर बदलला. शालन त्याच्या मानेकडं बघत राहिली. कोर्टातही तिला ही मानच दिसली होती. लेक दीक्षा तळ्याजवळच्या रस्त्यावर गेल्यावर ती कळंबा सोडून बिद्रीला भावाकडं राहायला गेली. कोल्हापुरात दवाखान्यात आया होती, म्हणून रोज याच रस्त्यानं यावं लागे. कळंबा आलं की ती डोळे मिटून घेई.

आज मिटले नाहीत. तळ्याजवळ रस्ता मोकळा होता, तरी शिवाप्पानं करकचून ब्रेक दाबला. माणसं एकमेकांवर आदळली.

“ह्येचं हितं असंच असतंय,” जोतीराम हसला.

बिद्रीला सगळे पांगल्यावर शालन त्याच्या खिडकीशी गेली.

“दीक्षाची आई मी.”

“वळखलं, आक्का. चढलासा तवाच.”

“तितं बिरेक का दाबलास?”

तो स्टिअरिंगकडं बघत राहिला. “दिसती वो. सायकल धरून कडंला हुबी असती. आडवी येत न्हाय. नुसती बघती.”

शालननं दार घट्ट धरलं. उशाखाली पोरीचा फ्रॉक घेऊन ती झोपे, पण दीक्षा कधी स्वप्नातसुद्धा आली नव्हती. डोळ्यांपुढं यायची ती दवाखान्यातली पांढरी चादर. आणि ह्याला पोरगी रोज दिसते!

“कशी दिसती?” तिनं विचारलं.

“येक येणी सुटल्याली.”

त्या सकाळी घाईघाईत वेणी शालननंच घातली होती.

ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर दुसरी जीप भरत होती, माणसं हाका मारत होती. शालन शिवाप्पाच्या गाडीत पुढं, त्याच्या शेजारी बसली. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि गाडी सुरू केली.

कळंबा जवळ आलं तशी ती हळूच म्हणाली, “सावकाश घे.”

आणि तिनं पदर सावरून काच खाली केली.