दहा हजारांतला एक शेअर

कवळीवाल्याला आयुष्यात एवढं साधं वाक्य समजायला कधी इतका वेळ लागला नव्हता. सल्लागार बाईंनी ते तिसऱ्यांदा सांगितलं, तेही कागदावर दोन चौकोन काढून.

"काका, हे बघा. तुमच्या लॅबमधलं सामान विकलंत, म्हणजे भट्टी, मोटारी, साचे, नाव, सगळं, तर पैसे येणार कंपनीला. कंपनी कर भरणार. उरलेले तुम्ही घरी न्यायला निघालात की पुन्हा कर. एकाच पैशाला दोनदा कात्री. आणि कंपनीच विकलीत, म्हणजे कंपनीचे शेअर विकलेत, तर पैसे थेट तुम्हाला. कर एकदा, तोही कमी दराने."

"फरक किती?"

"सोळा लाख."

कवळीवाल्याने तोंडातल्या तोंडात आकडा फिरवून पाहिला. पंचवीस वर्षं तो दुसऱ्यांच्या तोंडात बसतील अशा कवळ्या करत आला होता. दाताचे डॉक्टर जबड्याचं माप पाठवत आणि याच्या लॅबमधून दात तयार होऊन जात. हल्ली मात्र उजवा हात थरथरायला लागला होता. मेणात दात रोवताना अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर म्हाताऱ्या माणसाला जेवण नकोसं होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून त्याने विकायचं ठरवलं होतं. घेणारा एक तरुण डॉक्टर होता, चार दवाखान्यांचा मालक. त्यालाही शेअरच हवे होते, कारण एका इस्पितळाला कवळ्या पुरवण्याचं कंत्राट कंपनीच्या नावावर होतं आणि सामान उचलून नेलं तर ते कंत्राट मागे राहणार होतं. नव्वद लाख शेअरचे आणि सहा लाख वेगळे, पाच वर्षं या धंद्यात पुन्हा न पडण्याबद्दल.

"मग करू या की," कवळीवाला म्हणाला. "घोडं कुठे पेंड खातंय?"

सल्लागार बाईंनी चष्मा वर केला. "इथे. शेअर दहा हजार. तुमचे नऊ हजार नऊशे नव्याण्णव. एक शेअर ताईंच्या नावावर आहे. डॉक्टरांना शंभर टक्के हवेत, महिनाअखेरपर्यंत. ताईंची सही लागेल, पानोपानी."

हत्ती गेला आणि शेपूट अडकलं म्हणतात, ते हे असं.

झालं होतं ते असं. कंपनी काढायची तर कायद्याला दोन माणसं लागत. तेव्हा ताई, त्याची थोरली बहीण, लॅबमध्येच होती. सहा वर्षं ती त्याच्या शेजारी बसून, पगार न घेता, मेणात दात लावत होती. नोंदणी झाली त्या दिवशी लॅबमध्ये चार डॉक्टर चहाला आले होते. ताई हसत म्हणाली, "म्हणजे आता मी मालकीण झाले म्हणायची!" आणि याने उचलली जीभ लावली टाळ्याला. "कसली मालकीण? दहा हजारांतला एक. कागदापुरती." चौघे डॉक्टर हसले. ताईने हातातली मेणाची सुरी पुसली, खणात ठेवली आणि चहाचे कप उचलून आत नेले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. त्याला वाटलं होतं, येईल दोन दिवसांनी. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

"दुसरा मार्ग?" त्याने विचारलं.

"आहे. सामान विका. त्याला त्यांचा एक शेअर आडवा येत नाही. डॉक्टरांनाही मग इस्पितळाशी नव्याने बोलावं लागेल, ते भाव पाडतील, आणि सोळा लाख सरकारला. ताईंचं तोंड बघायला नको एवढाच फायदा. महाग पडतो जरा."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता निकाल दिला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. जा आणि माफी मागा. पैशांसाठी का होईना, जाल तरी."

माफी मागणं त्याला जमण्यातलं नव्हतं. त्यापेक्षा त्याने पाच लाखांचा चेक लिहिला. सल्लागार बाईंनी आधीच बजावलं होतं की एका शेअरची किंमत पाच लाख लावायची नाही, सगळ्या शेअरना एकच भाव, नाहीतर कर खातं विचारत बसेल. द्यायचेच असतील तर भावाने बहिणीला दिले असे द्या. चेक खिशात घालून रविवारी सकाळी तो ताईच्या घराचे तीन जिने चढला.

ताईने दार उघडलं. केस पांढरे झाले होते, बाकी तीच. "ये," म्हणाली, जणू परवाच येऊन गेला होता. पाणी दिलं. त्याने काम सांगितलं. ती उठली, कपाटातून विजेच्या बिलांची फाईल काढली आणि तिच्यातून एक कागद त्याच्यापुढे ठेवला. शेअरचा दाखला. प्लॅस्टिकच्या पाकिटात, एकही घडी न पडलेला. त्याने स्वतःचे दाखले शोधायला आठवडा घालवला होता आणि त्यांतला एक वाळवीने खाल्ला होता.

"नव्वद लाख ना? दहा हजार शेअर. म्हणजे माझे नऊशे," ताई म्हणाली.

"अगं, नऊशे कसले? मी हे आणलंय." त्याने चेक पुढे केला.

तिने आकडा वाचला आणि चेक उलटा करून त्याच्याकडे सरकवला. "हे कशाबद्दल?"

"तू सहा वर्षं..."

"सहा वर्षांचं तू तेव्हाच सांगितलंस, चार माणसांत. आता गरज पडली म्हणून आवळा देऊन कोहळा काढू नकोस. सही करीन मी. तुझं अडवून मला काय मिळणार? पण कागदापुरती आहे, तर कागदाचेच घेईन. नऊशेचा चेक आण."

तो जिने उतरला तेव्हा त्याचं काम झालेलं होतं. सोळा लाख वाचले होते, वर पाच लाख खिशात परत आले होते. आणि तरी त्याला कोणी थोबाडीत मारल्यासारखं वाटत होतं. त्याला लाज वाटत होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, चांगलीच लाज.

महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला सगळे डॉक्टरांच्या वकिलाच्या ऑफिसात जमले. लांब टेबल, थंडगार खोली. एका बाजूला डॉक्टर आणि वकील, दुसऱ्या बाजूला सल्लागार बाई, कवळीवाला आणि शेवटच्या खुर्चीवर ताई, पर्स मांडीवर घेऊन. करार सेहेचाळीस पानांचा. कवळीवाला "विक्रेता क्रमांक एक", ताई "विक्रेता क्रमांक दोन". पान आधी त्याच्याकडे यायचं, मग तिच्याकडे सरकायचं. तो न वाचता सही करत होता. ताई प्रत्येक पान वाचत होती, त्यामुळे त्याच्यासमोर कधी काही नसायचं आणि तिच्यापुढे गठ्ठा. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

एकोणिसाव्या कलमावर वकील म्हणाले, "हे पाच वर्षं धंदा न करण्याचं. हे फक्त साहेबांना लागू आहे. मॅडमना आम्ही वगळलंय. नाममात्र भागधारक आहेत, एकच शेअर. त्यांचा या कामाशी काही संबंध नाही, मग उगीच त्यांच्यावर बंधन कशाला? मॅडम, तुमच्या सोयीचंच आहे."

ताई ते कलम वाचत होती. तिचं बोट ओळीच्या शेवटाला गेलं आणि पुन्हा सुरुवातीला आलं. मग तिने पेनाचं टोपण काढलं.

कवळीवाल्याला तिची सुरी पुसण्याची पद्धत आठवली. आधी एक बाजू, मग दुसरी, आणि तोंडातून चकार शब्द नाही. आताही ती तसंच करणार होती. सही करणार, पर्स उचलणार, नऊशेचा चेक घेणार आणि तीन जिने चढून घरी जाणार.

"थांब ताई," तो म्हणाला. "सही करू नकोस."

सल्लागार बाईंनी दचकून त्याच्याकडे पाहिलं. टेबलाखालून त्यांनी त्याच्या बुटावर बूटही ठेवला असावा, कारण काहीतरी दुखलं.

"वकीलसाहेब, हे चुकलंय. तिलाही घाला या कलमात."

"गरज नाही, साहेब. त्या काही लॅब काढायच्या नाहीत."

"कोण म्हणतं? आज वगळलंत तर उद्या ती तुमच्या समोरच्या गल्लीत लॅब काढील आणि वर्षभरात तुमचं शटर खाली येईल. आपल्या लॅबचं नाव झालं ना, ते हिच्या हाताने. मी भट्टी लावायचो, बिलं करायचो, डॉक्टरांच्या पाया पडायचो. दात ही लावायची. वरच्या-खालच्या दातांचा चावा जुळवायला मला माप लागायचं, हिला नुसती नजर."

डॉक्टर पुढे झुकले. नव्वद लाख देणाऱ्या माणसाला असली बातमी सहीच्या दिवशी नको असते. "मग त्या का गेल्या?"

कवळीवाल्याने पाण्याचा घोट घेतला. हात थरथरला आणि थोडं पाणी कलम एकोणीसवर सांडलं.

"मी घालवली. चार लोकांपुढे कागदापुरती म्हटलं म्हणून. ती गेल्यावर दोन वर्षं दर तिसरी कवळी परत येत होती. लोकांना चावताच येईना. मी दोन रात्री, तीन रात्री जागून पुन्हा करून द्यायचो आणि डॉक्टरांना सांगायचो की माप चुकीचं आलं होतं. हे मी घरीसुद्धा बोललो नाही." तो ताईकडे वळला, पण बोलला टेबलाकडे बघत. "चुकलं माझं. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

ताईने पेनाचं टोपण परत लावलं होतं.

वकिलांना मात्र असल्या प्रसंगांची सवय असावी. त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे यांनाही बांधायचं. पण मोबदला न देता कोणाला बांधलं तर ते कोर्टात टिकत नाही."

"सहा लाख आहेत ना त्या कलमाचे?" कवळीवाला म्हणाला. "तीन माझे, तीन तिचे. तुम्हाला एक पैसा जास्त पडत नाही."

सल्लागार बाईंनी ताईकडे मोर्चा वळवला. "ताई, एक सांगते. शेअरच्या पैशांवर कर कमी असतो. हे पैसे तसे नाहीत. हे सरळ उत्पन्न धरलं जातं, पूर्ण दराने कर लागतो, देतानाच थोडा कापूनही घेतात. हवं तर मी काही वेगळं..."

"कशाबद्दल मिळतात हे?" ताईने विचारलं. एवढ्या वेळात तिचं हे पहिलं वाक्य.

"तुम्हाला काम येतं आणि ते तुम्ही करायचं नाही, याबद्दल."

"असं लिहिणार? काम येतं म्हणून?"

वकिलांनी मान हलवली. "लिहावंच लागेल. 'विक्रेता क्रमांक दोन यांना या व्यवसायाचं ज्ञान आणि अनुभव असल्यामुळे...'"

"मग कापा कर," ताई म्हणाली. "पूर्ण कापा. पावती मात्र माझ्या नावाने द्या."

ओलं झालेलं पान फेकलं, नवं छापून आलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं, वकिलांना कानात काही विचारलं आणि अखेर होकार दिला. ताईनेही दोनदा वाचलं. मग सावकाश, पूर्ण नावाने सही केली. सेहेचाळीस पानांत तिने फक्त तिथेच पूर्ण नाव लिहिलं, बाकी सगळीकडे आद्याक्षरं होती.

जाताना लिफ्टमध्ये दोघंच होती. ताईच्या हातात दोन चेक होते, एक नऊशेचा, एक जरा मोठा. मोठा तिने पर्समध्ये घातला. नऊशेचा घडी न घालता हातात धरून ठेवला.

"पाच वर्षांनी मी अडुसष्ट," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. बंधन संपतं तेव्हा. चांगली जागा बघून ठेवायला हवी आत्तापासून."

"ताई, माझा हात बघितलास ना? पेला धरवत नाही."

लिफ्ट तळमजल्याला थांबली. ताई आधी बाहेर पडली आणि मागे वळून म्हणाली, "तुला कोण काम सांगतंय? दात मी लावीन. कायद्याला दोन माणसं लागतात, म्हणून तू ये. कागदापुरता."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ताईने त्याचा थरथरणारा हात धरला आणि ती दोघं रस्त्यावर आली.