नावावरचा पहारा

बँकेनं कर्ज नाकारलं तेव्हा अकील पिंजाऱ्याला आधी हसूच आलं. उभ्या आयुष्यात ज्यानं कुणाचे पानाचे पैसे थकवले नाहीत, त्याच्या नावावर म्हणे थकबाकी! मोताळ्याच्या त्या बँकेत प्रतिमा मॅडम कारकून होत्या. त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या गाद्या अकीलनंच भरलेल्या, म्हणून त्यांनी त्याला बाजूला बसवून कागद दाखवला. फोनवरून कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीकडून गेल्या पावसाळ्यात त्याच्या नावानं चाळीस हजार उचलले होते आणि एक हप्ताही भरला नव्हता.

"मी नाही घेतले जी," अकील म्हणाला. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"मग कुणीतरी तुमचं आधार कार्ड वापरलंय, अकीलभाऊ. तक्रार करू. त्याला पैसे लागत नाहीत. आपल्या नावावर काय काय आहे त्याचा कागदही वर्षातून एकदा फुकट मिळतो. घाबरू नका."

तक्रार झाली. पण नव्या पिंजणयंत्राचं कर्ज लटकलं ते लटकलंच, आणि धामणगाव बढ्याला परतताना एसटीत अकीलच्या डोक्यात एकच नाव घोळत होतं. निवृत्ती.

निवृत्तीच काऊन, हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आमच्याकडे कपाशीच्या बियाण्याचे नखरे फार. बीटी आलं तेव्हा सांगितलं, अळी आता विसरा. मग गुलाबी बोंडअळी आली आणि तिनं उभ्या पऱ्हाट्या पोखरल्या. तेव्हापासून लोकांचा जीव असा टांगणीला, की अमक्या वाणाला अळी कमी लागते अशी नुसती हूल उठली तरी पुढच्या मृगाला अख्खा तालुका त्याच पाकिटामागे धावतो. मग दुकानदार एका आधार कार्डावर दोनच पाकिटं देतो. आठ एकरवाल्यानं दोन पाकिटांत काय पेरावं, कपाळ? म्हणून तो गावातून कार्डं गोळा करतो. शिंपी देतो, मास्तर देतो, ज्यांना वीतभर वावर नाही तेही देतात. दुकानदारानं नोंद केली की कार्डवाल्याच्या फोनवर नंबर येतो, दुकानातून फोन आला की तो सांगायचा, मग पाकिटं सुटतात. या कामाला नाही म्हणणारा माणूस गावात नव्हता.

अकीलचं कार्ड दर साली निवृत्तीकडे जायचं. दोघं पहिलीपासूनचे दोस्त. अकीलच्या निकाहात जेवणाच्या पंगती निवृत्तीनं सांभाळल्या होत्या. पण संशयाला डोकं कुठं असतं? कार्ड ज्याच्या हातात गेलं, तोच चोर, असा सरळ हिशेब अकीलनं मांडला आणि घरी येईतो तो पक्काही केला.

गावात मुजम्मिलचं कॉम्प्युटर सेंटर. त्यानं कागद पाहून मान हलवली. "चाचा, वर्षाचे बाराशे भरा. एक कंपनी हाय, तुमच्या नावावर पहारा ठेवते. कोनी कर्ज मांगलं का लगेच तुमाले मेसेज."

बाराशे म्हणजे दोन गाद्यांची मजुरी. अकीलनं प्रतिमा मॅडमना फोन लावला.

"कशाला भरता?" त्या म्हणाल्या. "ते लोक झालेलं सांगतात, होऊ देत नाहीत. आणि कोणी केलं तेही नाही सांगत. तेवढ्या पैशांत तुमच्या लेकीची पुस्तकं येतील."

घरी अब्बा, म्हणजे फकीर मोहम्मद, ओट्यावर बसून तेच म्हणाले. "बेटा, आपल्या नावाले कोन खाते? राहू दे."

दोघंही बरोबर होते. अकीललाही ते कळत होतं, पण त्याला पहारा नकोच होता. त्याला पुरावा पाहिजे होता. निवृत्तीसमोर कागद धरून विचारायचं होतं, बोल आता. असल्या हौसेला बाराशे काय नि बारा हजार काय! त्यानं पैसे भरले.

मृग तोंडावर आला. निवृत्ती दरसालासारखा दारात हजर. "दे बे कार्ड. अवंदा माल कमी येनार म्हनते."

अकीलनं कार्ड दिलं. जाळं लावून बसल्यासारखा तो दुसऱ्या दिवसाची वाट पाहत राहिला, आणि या गोष्टीची लाज त्याला फार उशिरा वाटली.

पिंजण्याचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, यंत्र चालू झालं की कापसाची लव उडते नि नाकातोंडात, भोकाभोकांत जाऊन बसते. अकीलचे दोन फोन त्यापायी बाद झालेले. म्हणून काम चालू असताना फोन बाहेर अब्बांजवळ असायचा. फोन आला की अब्बा घ्यायचे, गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अकीलनं अंग झटकून फोन पाहिला तर इंग्रजी मेसेज. तसाच पळत तो मुजम्मिलकडे गेला.

"चाचा, आज दुपारी तुमच्या नावानं कोनीतरी कर्ज मांगलं."

अकीलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्ड कालपासून कुणाकडे होतं? झालं तर मग!

सकाळी कृषी केंद्रापुढे ही रांग लागलेली. निवृत्ती मध्यावर उभा, हातात सात-आठ कार्डं रबरात बांधलेली. अकील सरळ त्याच्या अंगावर गेला.

"माह्या कार्डाचं काय केलं बे?"

"काय म्हंजे? दुकान आता उघडून राह्यलं. माल कालपासून आलाच कुठी?"

"मांगच्या साली चाळीस हजार उचलले, आता पुन्हा हात मारला! दोस्तीची अशी किंमत करते का कोनी? लाज नाही वाटत?"

रांगेतल्या माना वळल्या. निवृत्तीचा चेहरा पांढराफटक पडला. तो काहीतरी बोलेल, शिवी देईल, कॉलर धरेल म्हणून अकील तयारीत होता. निवृत्तीनं रबर काढलं, अकीलचं कार्ड शोधून त्याच्या हातावर ठेवलं आणि रबर पुन्हा चढवू लागला. तेवढ्यात मागून एकजण खाकरला. "निवृत्तीभाऊ, माहं बी कार्ड दे जरा. घरी काम निंगालं." मग दुसरा. मग शिंप्याचा पोरगा आला. कुणी आरोप केला नाही, कुणी डोळ्याला डोळाही दिला नाही. शेवटी निवृत्तीच्या हातात त्याचं स्वतःचं एक कार्ड उरलं. दोन पाकिटं घेऊन तो घरी गेला.

अकीलला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं. हो, वाटलं, खोटं कशाला बोलायचं?

पुढं कळलं की निवृत्तीनं उरलेल्या वावरासाठी खामगावहून बिनबिलाचं सुटं बियाणं आणलं. बी टोचत टोबणी झाली. दोन पाकिटांची कपाशी तेवढी उगवली, बाकी वावर काळंच्या काळं पडून राहिलं. ऐकून अकील म्हणाला, "करनीचं फळ." आणि यंत्र चालू केलं.

एका दुपारी त्याला तहान लागली. यंत्र बंद करून तो तांब्या घ्यायला बाहेर आला, तर अब्बा फोन कानाला लावून, चष्मा सावरत, एकेक आकडा सावकाश सांगत होते. "चार... सात... हाव, सात..."

"अब्बा! कोनाले सांगून राह्यले?"

अब्बांनी बोट ओठावर ठेवलं. "थांब बेटा. निवृत्तीच्या बियान्याचा नंबर हाय."

अकीलनं फोन हिसकला. पलीकडून कुणी परका माणूस गोड आवाजात "बाबा, पुढचे दोन आकडे?" म्हणत होता. अकील ओरडला तसा फोन कटला.

तो ओट्यावर बसला. "अब्बा, याच्या आधी बी सांगतला होता नंबर?"

"दर सालीच सांगतो ना. मांगच्या साली तं दोनदा सांगतला. अवंदा मृगाच्या तोंडावर एक फोन आल्ता, तवाबी सांगतला. बियान्याचा नंबर द्या म्हने. आपून कवा नाही म्हनलं का?"

"आन आज? आज कोनतं बियानं, अब्बा? पेरनी कवाच होऊन गेली!"

फकीर मोहम्मदांनी चष्मा काढला. लेकाचा आवाज का चढला ते त्यांना कळेना. "त्याचं लय वावर उगोलं नाही म्हनते. दुबार पेरनीचं असन, असं मले वाटलं. तू त्याले चार लोकांत बोलला. म्हनलं, तुह्या रागापायी त्याचे पाकिटं नोको अडाले. आपून गुपचूप सांगून टाकू."

अब्बांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडावं असं अकीलला वाटलं, पण ते जमलं नाही. तो उठला आणि तसाच, अंगभर कापूस चिकटलेला, निवृत्तीच्या वावराकडं निघाला.

निवृत्ती उगवलेल्या तुकड्यात डवरणी करून तण काढत होता. त्यानं बैल थांबवले. अकीलनं सगळं सांगितलं, फोन, आकडे, अब्बा. "माह्या डोक्यात शेन भरलं होतं, निवृत्ती. पाहिजे तं चपलेनं मार. वाटलं तं चौकात उभं राहून सांगतो सगळ्यायले."

"सांगजो. ऐकतीन लोकं." निवृत्तीनं कपाळाचा घाम पुसला. "तुह्या त्या पहारेवाल्या कंपनीनं माहं नाव सांगतलं होतं का?"

"नाही."

"मंग मले एकडाव घरी येऊन इचारलं असतं तं फुकटात झालं असतं."

बैलानं शेपूट हलवून माशा हाकलल्या. पलीकडचं काळं वावर तसंच पडलेलं होतं आणि तिकडं पाहण्याची अकीलची हिंमत होत नव्हती.

"अब्बाले रागावू नोको," निवृत्ती म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "म्हाताऱ्या मानसानं माह्यासाठी केलं. मी येईन त्यायले भेटाले."

"कवा येतं? आज संध्याकाळी येतं का?"

निवृत्तीनं डवऱ्याची मूठ धरली, बैलांना हाळी दिली आणि मागं न पाहता म्हणाला, "तू घरी नसशीन तवा."