निवृत्तीचा केक

फोटोत लॉरेटा नोविकी हसत होती, सगळी भानगड तिथेच झाली.

हातात सुरी, समोर नारळाचा पांढराशुभ्र केक, त्यावर गुलाबी अक्षरांत 'सुखी निवृत्ती, लॉरेटा', आणि मागे अमेरिकेतल्या ईरी शहरच्या झाकणांच्या कारखान्यातली अख्खी पाळी टाळ्या वाजवतेय. त्याआधी थोडाच वेळ मॅनेजर ट्रेंट हॅन्सलीने तिला आत बोलावून, तुझी जागा रद्द झाली, आजचा शेवटचा दिवस, असं सांगितलं होतं. ती बाहेर येते तो मेजावर केक! सगळ्यांदेखत रडायचं तरी कसं? आणि समोर कॅमेरा धरला की माणूस हसतोच. ती हसली, केक कापला, वाटला, वर 'छान झालाय' असंही म्हणाली. भिडस्तपणा नडला, दुसरं काय.

तिने बेकारी भत्त्याचा अर्ज केला, तेव्हा कंपनीने तोच फोटो राज्याच्या कचेरीला पाठवला. बाई स्वतःहून निवृत्त झाल्या, आम्ही काढलेलं नाही. आपणहून काम सोडणाऱ्याला भत्ता नसतो, त्यामुळे अर्ज फेटाळला गेला. एकसष्टाव्या वर्षी दुसरं काम मिळेपर्यंत घराचा हप्ता त्या भत्त्यातूनच जायचा होता. पण लॉरेटाच्या जिवाला खरं लागलं ते वेगळंच. तिला निवृत्त व्हायचंच नव्हतं, आणि ते परस्पर दुसऱ्यानेच ठरवून टाकलं होतं. तिने तडक अपील ठोकलं.

सुनावणी फोनवर होती. त्या सकाळी शेजारची बर्नडेट पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, तळून घेऊन आली. ती कधीकाळी लॉरेटाच्याच मशीनवर होती, आणि जीभ तेव्हापासूनच तिखट.

"केक खाल्लास ना? आता भोग."

"दोनच घास खाल्ले गं. मला नारळ आवडत नाही, अख्ख्या कारखान्याला ठाऊक आहे."

"मग नाही म्हणायचंस."

"केकला नाही कसं म्हणतात?"

 बर्नडेटने पिरोगी पुढे सरकवली.

फोन वाजला. सुनावणी अधिकारी प्रॅटबाईंनी उजवा हात वर करून शपथ घ्यायला सांगितली. स्वयंपाकघरात पाहणारं कोणी नव्हतं, तरी लॉरेटाने हात वर केला. बर्नडेटनेही केला, हातातल्या काट्यासकट.

आधी ट्रेंट बोलला. आवाजात नुसता मध. "शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर लॉरेटा माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, थकले, आता पुरे. आम्हाला वाईट वाटलं. मग प्रेमाने छोटासा समारंभ केला."

पदर असता तर बर्नडेटने तो तोंडात कोंबला असता, नव्हता म्हणून तिने हात पुसायचं फडकं कोंबलं.

"मिसेस नोविकी, तुम्हाला यांना काही विचारायचंय?" प्रॅटबाई म्हणाल्या.

लॉरेटाने रात्रभर घोकलेलं भाषण ऐन वेळी पार उडून गेलं. डोळ्यांसमोर उरला तो फक्त केक, आणि सुरीखाली दुभंगलेलं आपलंच नाव.

"ट्रेंट, मला एवढंच सांग बाबा. मी जेवणानंतर आले म्हणतोस. केक कधी कापला?"

"त्याच दुपारी. लगेच."

"त्यावर माझं नाव होतं. साखरेची फुलं होती. बेकरीत सांगितलं कधी?"

पलीकडून कोणीतरी कागद चाळल्याचा आवाज.

"मिस्टर हॅन्सली," प्रॅटबाई म्हणाल्या, "तुम्ही शपथेवर आहात."

"बुधवारी," ट्रेंट पुटपुटला. "नाव घालायचं तर ते आधी सांगावं लागतं."

"म्हणजे मी निवृत्त होणार हे तुला माझ्याआधी कळलं होतं," लॉरेटा म्हणाली. "निदान नारळाचा नको, एवढं तरी विचारायचंस."

प्रॅटबाई खोकल्या. तो खोकला नव्हता, असं बर्नडेट आजही छातीठोकपणे सांगते.

निकाल टपालाने आला. कंपनीचं म्हणणं सपशेल फेटाळलं होतं, भत्ता मंजूर, मागच्या आठवड्यांचासुद्धा. लॉरेटाने तो दारातच उभ्याने वाचला आणि तशीच, कोटाची बटणंही न लावता, ट्रेंटने केक आणला होता त्याच बेकरीत गेली.

"चॉकलेटचा द्या. मोठा."

"वर काय लिहू?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"लिही, 'लॉरेटाला कामावरून काढलं'."

मुलीचा चेहरा पडला. "अरेरे. वाईट झालं हो."

"वाईट कसलं? राज्याने मान्य केलंय," लॉरेटा म्हणाली. "फुलंही घाल. आणि हो, तुमच्याकडे कामाला माणूस हवाय का? मी अजून निवृत्त झालेली नाही."